दोन निळे टाके, एक पिवळा

लाँड्रीच्या मागच्या खोलीला एकच खिडकी होती, आणि त्या खिडकीखाली एकतीस वर्षं एकच माणूस बसत आला होता. सगळे त्यांना खुणेवाले म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नावही होतं, पण ते पगाराच्या पाकिटापुरतंच उरलं होतं. बायकोसुद्धा शेजारणीशी बोलताना "आमचे खुणेवाले" असंच म्हणे, आणि त्यात थोडी चेष्टा आणि बराचसा अभिमान असे.

काम दिसायला अगदी बारीक. पुढच्या काउंटरवरून कपड्यांची बोचकी आत येत. खुणेवाले एकेक कपडा मांडीवर घेत, कॉलर उलटी करत, आणि आतल्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशा जागी, रंगीत धाग्याचे दोनतीन टाके घालत. पॅन्टला कमरेच्या पट्टीत, चादरीला कोपऱ्यात. प्रत्येक घराची खूण वेगळी. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचे तीन हिरवे. छापखान्याच्या फोरमनचा एक लाल, मध्ये जागा, मग एक लाल. घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांचे दोन निळे आणि एक पिवळा. मग ते सगळे कपडे एकाच पाण्यात पडत, एकमेकांत गुंतत, एकाच भट्टीत उकळत, आणि वाळून परत आले की खुणेवाले नुसत्या अंगठ्यानं कॉलर उलटी करून ज्याचा कपडा त्याच्या गठ्ठ्यात टाकत. खुणांची एक वही होती. तिच्यावर धूळ बसली होती, कारण हजारावर घरं त्यांच्या डोक्यात होती.

रस्त्यानं चालतानाही त्यांची नजर आधी कॉलरवर जाई, मग तोंडावर. समोरचा माणूस नमस्कार करून पुढे गेला की ते बायकोला सांगत, "एक काळा, दोन पांढरे. दुसऱ्या मुलीच्या लग्नानंतर सदरे जरा घट्ट व्हायला लागलेत." बायको म्हणे, "माणसाचं नाव काय ते सांगा की." तेही त्यांना माहीत असे. नाव, घर, जिन्याच्या पायऱ्या, सगळं त्या धाग्याच्या टोकाला बांधलेलंच असे.

एकतीस वर्षांत एक कपडा चुकीच्या घरी गेला नव्हता. एक मोजा गेला होता, असं इस्त्रीवर काम करणारा जाडजूड गडी म्हणायचा. त्याला सगळे इंजिन म्हणत, कारण तो दिवसभर वाफेत उभा राहून फुसफुसत असे. पण मोज्याचा विषय खुणेवाले कोणाला काढू देत नसत.

मग मोठे मालक थकले आणि छोटे मालक आले. छोटे मालक वाईट नव्हते. लहानपणी ते खुणेवाल्यांच्या मांडीशेजारी बसून धाग्यांच्या रिळांशी खेळलेले. त्यांनी मोठमोठ्या हॉटेलांची, ऑफिसांची कामं आणली, नवी यंत्रं आणली, आणि एक दिवस लेबल चिकटवायचं यंत्र आणून मागच्या खोलीच्या दाराशी ठेवलं.

"खुणेवाले, आता डोळे फोडायचं काम संपलं," ते म्हणाले. "हे यंत्र मिनिटाला वीस कपडे करतं."

खुणेवाल्यांनी लेबल हातात घेऊन पाहिलं. त्यावर काळ्या रेघा होत्या. "हे कोणाचं?"

"ते यंत्राला कळतं."

"आणि मला?"

छोट्या मालकांनी जरा वेळ खिडकीबाहेर पाहिलं. "निवृत्तीला तुमची तीन वर्षं राहिलीत. तुम्हाला काढायचं माझ्या मनात नाही. काउंटरवर फोन घ्यायला माणूस हवाय. पण आता गिऱ्हाईक सगळीकडचं आहे, फोनवर इंग्रजीच बोलायचं. बारा दिवस देतो. मी स्वतः परीक्षा घेईन. जमलं तर खुर्ची तुमची."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मग वरच्या खोल्यांचंही बघावं लागेल. त्या कामगारासाठी आहेत."

वरच्या खोल्या म्हणजे बॉयलरच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. तिथंच खुणेवाल्यांचा संसार झाला होता. खालच्या वाफेनं तिथली फरशी बारा महिने कोमट असे. बायकोचे गुडघे त्या फरशीच्या भरवशावर चालत होते. थंडीत ती सकाळी उठून आधी दोन्ही पावलं फरशीवर टेकवून पाच मिनिटं बसे आणि मग उभी राही. मुलगा जहाजावर होता, वर्षातून एकदा येई. सून याच घरात राहून गॅस एजन्सीत फोन घ्यायचं काम करी. म्हणजे शिकवायला माणूस घरातच होतं.

पहिल्या संध्याकाळी सूनबाईनं टेबलावर वही उघडली. सासऱ्यांना शिकवायचं म्हणजे तिलाही अवघडल्यासारखं झालं होतं. ती पदर सावरावा तशी पेन सावरत होती.

"बाबा, घाबरायचं नाही. फोनवर लागतात ती वाक्यं मोजकीच असतात. मी रोज तीच म्हणते. आणि त्यातले चारपाच शब्द आले की गाडी चालते. समवन म्हणजे कोणीतरी. एनीवन म्हणजे कोणीही. नोबडी म्हणजे कोणीच नाही. एव्हरीवन म्हणजे सगळे. माणसाच्या जागी वस्तू असली की समथिंग, एनीथिंग, नथिंग, एव्हरीथिंग. झालं."

"झालं?" खुणेवाल्यांची बायको मटार सोलत होती. "एकतीस वर्षं माझ्याशी बोलताना तोंडाला टाके घातलेले. आता बघू कसं उसवतंय."

"आई, तुम्ही जरा गप्प बसा. बाबा, म्हणा. समवन इज ॲट द डोअर. दारात कोणीतरी आहे."

"कोण आहे?"

"कोणीतरी."

"ते कळलं गं. पण कोण?"

"ते माहीत नाही, म्हणून तर समवन."

"उघडून बघायचं मग."

बायको हसली, तिच्या मांडीवरचे मटार घरंगळले. सूनबाईनं ओठ दाबून पुढचं वाक्य घेतलं. "बरं. समवन हॅज लेफ्ट ए बॅग. कोणीतरी पिशवी विसरून गेलंय."

खुणेवाल्यांनी विचार केला. "कापडी की चामड्याची?"

"अहो बाबा."

"नाही, चामड्याची असेल तर तो विम्याचा एजंट. कापडी असेल तर..."

"बाबा, या पिशवीला मालक नाहीच आहे. हे नुसतं वाक्य आहे."

मालक नसलेली पिशवी खुणेवाल्यांच्या डोक्यात बसेना. ते वाक्य म्हणायचे, आणि म्हणता म्हणता त्यांच्या डोळ्यांपुढे माणूस उभा राही. फोन कोणीतरी केला की तो फोरमननं केला. जिन्यात कोणीतरी पडलं की डाक वाटणाऱ्याची म्हातारी आई पडली, आणि मग त्यांना तिची काळजी वाटे. सूनबाई हात टेकायला आली. दुसऱ्या दिवशी तिनं नोबडी घेतलं.

"नोबडी केम. कोणी आलं नाही."

"यात 'नाही' कुठंय?"

"नोबडीमध्येच. क्रियापदाला परत 'नाही' लावायचं नाही."

"म्हणजे 'कोणी-नाही' आला." खुणेवाल्यांनी चष्मा काढून पुसला. "जो नाहीच आहे तो आला कसा? आणि आला तर बसला कुठं?"

"आणि चहा घेतला का?" बायकोनं विचारलं.

"तुम्ही दोघं मिळून ही खुर्ची घालवणार," सूनबाई म्हणाली. पण हसता हसता तिचे डोळे पाण्यानं भरले होते, कारण बारातले दोन दिवस गेले होते आणि फरशी सगळ्यांचीच होती. ती उठून आत गेली तेव्हा खुणेवाल्यांनी तिची उघडी वही मिटून ठेवली.

त्या रात्रीचं जेवण झाल्यावर त्यांनी रिळांचा डबा घेतला, वीतभर पांढरी पट्टी फाडली, आणि चष्मा नाकावर ओढून बसले. डोक्यात जे शिरत नव्हतं ते हाताला विचारून बघावं, असं त्यांना वाटलं. समवनसाठी त्यांनी करड्या रंगाचा एक टाका घातला. करडा धागा त्यांनी उभ्या जन्मात कोणत्याही घराला दिला नव्हता, कारण तो कापडात हरवतो. एनीवनसाठी धाग्याचं एक टोक शिवलं आणि दुसरं मोकळं सोडलं, कुठंही जाऊ दे म्हणून. एव्हरीवनसाठी डब्यातल्या सगळ्या रंगांचा एकेक धागा घेऊन पीळ दिला आणि एकच गाठ मारली. आणि नोबडीसाठी सुई बिनधाग्याची टोचली. तीन नुसती भोकं.

सकाळी सूनबाईनं पट्टी हातात घेतली आणि एकेका टाक्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "बाबा, आमच्या शाळेत हे असं कोणी शिकवलं नाही. एव्हरीवनला इज लागतं, आर नाही. सगळे असून एकच धरायचं. आमच्या वर्गात निम्म्या पोरींचं ते चुकायचं. तुम्ही गाठच मारलीत."

खुणेवाल्यांची मान जरा ताठ झाली. त्या दिवसापासून वाक्यं जिभेवर यायला लागली. पट्टी सदऱ्याच्या खिशात असे. बोट करड्या टाक्यावर गेलं की समवन, मोकळ्या टोकावर गेलं की एनीवन. विचारायचं असलं की मोकळं टोक: इज एनीवन देअर. सांगायचं असलं की करडा टाका: समवन विल कॉल यू बॅक, म्हणजे कोणीतरी तुम्हाला उलट फोन करेल. नाही म्हणायचं असलं की भोकं. इंग्रजी बोलताना त्यांचा आवाज बारीक आणि नाकातून निघे. पहिल्यांदा ऐकला तेव्हा बायको आतून दचकून बाहेर आली होती. "मला वाटलं घरात परका माणूस आलाय," ती म्हणाली.

संध्याकाळी हे असं चाललं होतं, आणि दिवसा खाली दुसरंच. यंत्राला जुना धागा चालत नव्हता. लेबल नीट बसायचं तर आधी कॉलर मोकळी हवी. म्हणून छोट्या मालकांनी खुणेवाल्यांना सांगितलं होतं की येईल त्या कपड्याची खूण कापून काढायची. एकतीस वर्षं घातलेले टाके ते छोट्या कात्रीनं कापत होते. कापलेले धागे फेकवत नव्हते, म्हणून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकत. दोनतीन दिवसांत डब्यात रंगीत कापसासारखा गोळा झाला. त्यातून कोणता धागा कोणत्या घरचा, हे आता त्यांनाही सांगता आलं नसतं.

आठव्या दिवशी गाण्याच्या बाईंचं बोचकं आलं. बाई शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या. घड्याळं दुरुस्त करणारे ते त्यांचे यजमान. ते जाऊन दोन वर्षं झाली होती. बाईंनी त्यांचे बाकीचे कपडे देऊन टाकले होते, पण एक करड्या लोकरीचा स्वेटर ठेवला होता. तो कोणी घालत नसे. वर्षातून एकदा धुवायला येई, आणि परत जाऊन खुर्चीच्या पाठीवर बसे. खुणेवाल्यांनी कॉलर उलटी केली. दोन निळे टाके, एक पिवळा. पिवळा जरा तिरका. तो घातला त्या दिवशी खुणेवाल्यांच्या मुलाचं जहाज पहिल्यांदा सुटलं होतं.

कात्री हातात तशीच राहिली. ते उठून छोट्या मालकांकडे गेले.

"लोकरीवर हे लेबल टिकायचं नाही. पाण्यात पडलं की सुटेल."

छोटे मालक फोनवर होते. त्यांनी हातानं थांबा म्हटलं, मग फोन झाकून म्हणाले, "सुती कपड्यांवर टिकतंय ना?"

"सुतीचं सोडा. सुतीतून धागा काढला तरी सुईचं भोक राहतं, मला बोटानं कळतं. लोकर मिटून जाते. एकदा खूण काढली की लोकरीला काहीच आठवत नाही."

"बरं, लोकरीचं बघेल कोणीतरी. तुम्ही धागे काढायचं थांबवू नका, मागे गठ्ठे साचलेत."

आठवा दिवस होता. चार दिवसांवर परीक्षा होती. खुणेवाले परत आले, खिडकीखाली बसले, आणि त्यांनी दोन निळे टाके कापले, मग पिवळा. कोणीतरी बघेल, असं त्यांनीही मनाशी म्हटलं. म्हणताना हात खिशातल्या पट्टीवर गेला होता.

बाराव्या दिवशी छोट्या मालकांनी त्यांना काउंटरमागे बसवलं, आपण बाहेरच्या बाजूला उभे राहिले आणि हाताची मूठ कानाला लावून फोन केल्याचं नाटक केलं. इंजिन आतून डोकावून बघत होता. वरच्या जिन्याच्या तोंडाशी सासूसुना श्वास रोखून बसल्या होत्या. पहिले दोन प्रश्न सरळ गेले. मग छोट्या मालकांनी इंग्रजीतून विचारलं, की माझा शर्ट सापडत नाही, काय करणार?

खुणेवाल्यांच्या तोंडून निघालं, "व्हॉट नेम, सर? व्हिच हाउस?"

"नाही नाही," छोटे मालक मूठ खाली घेऊन म्हणाले. "नाव विचारत बसलात तर शोधत बसावं लागेल. दिवसाला दोनशे फोन येणार. परत सांगा."

खुणेवाल्यांचं बोट पट्टीवर फिरलं. करडा टाका सापडला. "डोन्ट वरी, सर. समवन विल कॉल यू बॅक. एव्हरीथिंग विल बी ऑल राइट."

"एक नंबर," छोटे मालक म्हणाले. जिन्यावर सूनबाईनं सासूबाईंचा हात इतका घट्ट दाबला की त्या ओरडल्या.

त्या दिवशी वर खूप हसणं झालं. बायकोनं फरशीवर पाय पसरले आणि ती म्हणाली, "तीन वर्षांची सोय झाली माझ्या गुडघ्यांची. कोणामुळे? समवनमुळे." खुणेवालेही हसले.

खुर्ची मिळाली, खिडकीखालची जागा गेली. मागच्या खोलीत खिडकीसमोर लेबलांची खोकी रचली, त्यामुळे आत उजेड येईनासा झाला. काउंटरवर एक छापील पुठ्ठा टांगला होता, त्यावर आठ वाक्यं. त्यापलीकडे बोलायचं नाही. प्रत्येक फोन टेप होई आणि छोटे मालक आठवड्याला ते ऐकत. पहिल्याच आठवड्यात एका ओळखीच्या माणसाचा पॅन्टसाठी फोन आला आणि खुणेवाले भान विसरून आपल्या भाषेत बोलून गेले. छोट्या मालकांनी त्यांना बाजूला घेतलं. "एकदा झालं, चालेल. दुसऱ्यांदा झालं तर मला खुर्ची दुसऱ्याला द्यावी लागेल. सगळ्यांना एकच नियम आहे, मी तरी काय करू." त्यांचा चेहराही पडलेला होता. हॉटेलवाल्यांची माणसं तेच टेप ऐकायची, हे त्यांनी सांगितलं नाही, पण इंजिननं सांगितलं.

तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी, दुपारच्या आधी फोन वाजला.

"हॅलो? इज एनीवन देअर?"

दुसऱ्या शब्दाला खुणेवाल्यांनी आवाज ओळखला. तो गाणाऱ्या गळ्याचा आवाज होता, वयानं जरा चिरलेला. गाण्याच्या बाई. इंग्रजी त्यांचंही शाळेतलं, स्वच्छ, सावकाश, प्रत्येक शब्द पाण्यात बुडवून बाहेर काढल्यासारखा. त्या सांगत होत्या, की एक स्वेटर आहे, करडा, माझ्या यजमानांचा. समबडी टूक इट, नोबडी ब्रॉट इट बॅक. कोणीतरी नेला, कोणी परत आणला नाही. आज एकविसावा दिवस.

दोन निळे टाके, एक पिवळा, तिरका. खुणेवाल्यांच्या जिभेवर आपली भाषा आली होती. बाई, मी खुणेवाला, एवढंच म्हणायचं होतं. फोनच्या शेजारी टेपचा लाल दिवा लागलेला होता. वरून बायकोच्या चालण्याचा आवाज येत होता, एक पाय टेकत, एक ओढत.

"डोन्ट वरी, मॅडम," नाकातला परका आवाज म्हणाला. "समवन विल कॉल यू बॅक."

"हू?" बाईंनी विचारलं. कोण?

खुणेवाल्यांचं बोट करड्या टाक्यावर होतं. एकतीस वर्षं धाग्यावर बोट ठेवलं की त्यांना घर दिसायचं, जिना दिसायचा, दार उघडणारा माणूस दिसायचा. या टाक्यापलीकडे काहीच दिसेना.

"समवन, मॅडम."

"येस, बट हू?"

पुठ्ठ्यावर पुढचं वाक्य होतं. त्यांनी ते वाचलं. एव्हरीथिंग विल बी ऑल राइट. बाई म्हणाल्या, "थँक यू. आय विल वेट." आणि फोन ठेवला.

ते कोणीतरी आपणच व्हायचं, असं खुणेवाल्यांनी ठरवलं. जेवणाच्या सुट्टीत ते मागे गेले. लेबल सुटलेले कपडे एका मोठ्या पिंपात टाकत, हे त्यांना माहीत होतं. स्वेटर त्यातच असणार; खुणेची गरजच नव्हती, नुसता हातात घेतला असता तरी ओळखला असता. पिंपात हात घातला तर बोटं तळाला लागली. चार बटणं आणि एक सुटलं लेबल.

"इंजिन, यातले कपडे?"

"शनिवारी गेले की. चिंध्यांच्या गाडीत. गॅरेजवाले पुसायला नेतात." इंजिन इस्त्री आपटत म्हणाला. "दर शनिवारी जातात. ज्याचं कोणी नाही ते."

"कोणी पाठवले?"

"कोणी म्हणजे? भरले सगळ्यांनी मिळून. मी भरले, यंत्रावरच्या बाईनं भरले. सांगितलं कोणी ते विचारू नको, कोणीतरी सांगितलंच असणार." मग त्यानं खुणेवाल्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि इस्त्री उभी केली. "कोणाचं काय होतं रे त्यात?"

खुणेवाल्यांनी सांगितलं. इंजिन बराच वेळ फुसफुसला नाही. त्यानं चिंध्यांच्या गाडीवाल्याला फोन लावून दिला. गाडीवाला म्हणाला, लोकर आधी पिंजायला जाते, ती शनिवारीच गेली. आवाजात दुःखही नव्हतं, उर्मटपणाही नव्हता. तो त्याचं काम सांगत होता. छोटे मालक परगावी हॉटेलवाल्यांकडे गेले होते, त्यांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अरेरे. लोकरीचं बघायला हवं होतं कोणीतरी." आणि ते खरंच हळहळले.

संध्याकाळी लाँड्री बंद झाल्यावर खुणेवाले घरी वर न जाता दोन गल्ल्या पलीकडे गेले. काय सांगायचं ते ठरलं नव्हतं. एवढंच ठरलं होतं की आपल्या तोंडानं, आपल्या भाषेत सांगायचं. धागा मी कापला, फोनवर मीच होतो, स्वेटर आता कोणालाच मिळायचा नाही.

बाईंचं दार उघडंच होतं. खोलीत भिंतीवर चारपाच घड्याळं, त्यातली दोन चालू. खुर्चीची पाठ मोकळी. बाई टेलिफोनच्या शेजारी स्टूल घेऊन बसल्या होत्या.

"अगंबाई, खुणेवाले," त्या म्हणाल्या. "या, या. किती दिवसांनी. बसा. त्या खुर्चीवर नको, इकडे बसा."

खुणेवाले बसले. त्यांची नजर सवयीनं बाईंच्या गळ्याशी गेली आणि त्यांनी ती खाली घेतली.

"तुम्ही मागच्या खोलीत नसता का आता? मला वाटलंच होतं. तुम्ही असता तर असं झालं नसतं हो. ह्यांचा स्वेटर गेलाय. तीन आठवडे झाले."

"बाई, मी तेच..."

"आज शेवटी फोन केला. कोणी एक माणूस बोलला. सारखं आपलं इंग्रजी. मी शाळेत होते म्हणून निभावलं, नाहीतर काय करायचं एखादीनं? पढवलेल्या पोपटासारखा बोलत होता. पण वाईट नसावा. मध्येच गप्प झाला होता बिचारा. मला वाटलं, याला काहीतरी माहीत असणार."

एक घड्याळ वाजलं. ते मागे पडलेलं होतं, त्यानं चारच ठोके दिले. बाईंनी तिकडे पाहिलंही नाही.

"फोन करतो म्हणालाय. म्हणून बसलेय. मघाशी भाजी आणायला जायचं होतं, नाही गेले. न जाणो, तेवढ्यात आला फोन तर?"

खुणेवाल्यांनी तोंड उघडलं. शब्द तयार होते, सगळे आपल्या भाषेतले, लहानपणापासून ओळखीचे. पण त्या मोकळ्या खुर्चीपुढे एकही पुढे येईना. आपण सांगितलं की बाई फोनजवळून उठतील, भाजी आणायला जातील, आणि मग या खोलीत वाट पाहायला काही उरणार नाही, हे त्यांना अगदी स्वच्छ दिसत होतं.

"खुणेवाले, तुम्हाला माहीत असेल," बाई पुढे वाकून म्हणाल्या. "कोण बसतं हो तिथं आता काउंटरवर? नाव कळलं तर बरं. त्या माणसाला मी नावानं हाक मारून विचारीन. नावानं विचारलं की माणूस शोधतो, असं हे नेहमी म्हणायचे. तुमच्याबद्दलच म्हणायचे."

खुणेवाल्यांचा हात खिशात गेला होता. बोट पट्टीवरून फिरत होतं. करडा टाका, मोकळं टोक, गाठ, आणि मग ती तीन भोकं.

"नवीन आहे, बाई," ते म्हणाले. "कोणीतरी."

"तुम्हालाही नाही माहीत?" बाईंना नवल वाटलं. त्यांनी खुणेवाल्यांकडे नीट निरखून पाहिलं, मग मान हलवली आणि स्टूल टेलिफोनच्या आणखी जरा जवळ ओढलं.

खुणेवाले घरी आले तेव्हा बायको जिन्याच्या तोंडाशी उभी होती. तिनं उशिराचं कारण विचारलं नाही. ते आत जाऊन चप्पल काढून बसले. खाली बॉयलर अजून पुरता निवला नव्हता. पावलांखालची फरशी नेहमीसारखी कोमट होती.